पनवेलला भेंडी आणायला

पुण्याहून सकाळच्या एस.टी.त बसलो तेव्हा काम एका ओळीचं होतं: पनवेलहून भेंडीचं लाकूड आणायचं. सांगणारे आमच्या चाळीतले शेजारी, सॅमसनमामा. मूळचे पनवेलकडचे बेने इस्रायल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे कोकणातले यहुदी. पुढच्या आठवड्यात बिऱ्हाड आवरून बोटीनं इस्रायलला निघणार होते, ते कायमचेच. त्यात पाय मोडून प्लास्टरमध्ये.

"गाव बघणं आता राहिलंच," मामा म्हणाले. "पण बाबा भेंडीच्या धुरावर जिताडा (खाडीतला चवदार मासा) धुरवायचे, तो एकदा खाऊन जायचंय. मासा मी मंडईतून मागवतो. लाकूड तेवढं तू आण. तिथं कुणीही देईल."

मी सातारचा. भेंडी म्हणजे ताटातली, एवढंच मला ठाऊक. त्या झाडाला लाकूड ते कितीसं असणार, असं मनात आलं होतं. पण विचारलं नाही, जाणत्यासारखी मान हलवली आणि तिथंच फसलो.

घाटात गाडी तापली. अर्धा तास आम्ही सगळे रस्त्याकडेला उभे. पनवेलला उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि सदरा पाठीला चिकटला होता. एक चहा घेऊन सरळ लाकडाच्या वखारीत गेलो. आंबा, जांभूळ, ऐन यांचे ढीग रचलेले. वखारवाले विडी ओढत बसले होते.

"भेंडीचं लाकूड आहे का? जाळायला हवंय."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "भेंडी कोण जाळतं हो? सुतारआळीत बघा."

सुतार भेंडीचं काय करतो, हे मला काही केल्या कळेना. तरी गेलो. म्हातारे सुतार रंधा थांबवून म्हणाले, "चाकाला हवी की होडीला?"

भेंडीची होडी! हा गृहस्थ माझी टिंगल करतोय, अशी माझी खात्रीच झाली. "मासा धुरवायला हवी," मी जरा घुश्शातच सांगितलं.

"चांगली भेंडी जाळणार? जा, जा, पुढं व्हा," असं म्हणून त्यांनी रंधा पुन्हा सुरू केला.

माझं डोकं भणभणायला लागलं. शेवटी म्हटलं, भाजी जिथं मिळते तिथंच विचारावं. बाजारातली भाजीवाली पोट धरून हसली. पण बाई मायाळू. बाजारामागच्या तिच्या मळ्यात भेंडीची वाळलेली रोपं उपटून टाकलेली होती, ती तिनं मोळी बांधून दिली. बोटाएवढ्या त्या काटक्या बघून मला धडकी भरली. यांच्यावर मासा सोडा, पापडसुद्धा भाजला नसता. मामांना काय तोंड दाखवू? त्यांची बोट काही माझ्यासाठी थांबणार नव्हती.

परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून बंदराच्या बाजूनं खाडीकडे निघालो. पुढं मिठागरं लागली. चौकोनी वाफे, बांध, मधूनच मिठाचे पांढरे ढीग. त्या लखलखाटानं डोळे उघडवेनात. बांधावर पिवळ्या फुलांचं, पिंपळासारख्या पानांचं एक डेरेदार झाड होतं. त्याच्या बुंध्याला टेकलो.

मिठाची पाटी उतरवून एक आगरी (मिठागरं आणि भातशेती करणाऱ्या समाजातली) बाई सावलीला आली. फडक्यातली तांदळाची भाकरी नि सुकट सोडली, अर्धी न विचारता माझ्या हातावर ठेवली. मग मोळीकडे बोट केलं.

"दादा, ह्या काटक्या कशाला?"

"भेंडीच्या आहेत, मावशी. लाकूड मिळालं नाही."

बाईच्या हातातला घास तसाच राहिला. "आरं देवा! तुमी टेकलाव ती काय हाय मग?"

"काय आहे?"

"भेंडी!"

मी वर बघितलं, खाली बघितलं, काटक्यांकडे बघितलं. एका नावाची दोन झाडं! एक ताटातलं, एक चाकातलं! सकाळपासून सगळं पनवेल मला खरं तेच सांगत होतं आणि मी प्रत्येकाला वेड्यात काढत होतो. मी फांदीला हात घातला, तर बाई ओरडली, "ओली जलायची नाय ती!" आणि खोपीतून तिनं एक मोडकं लाकडी फावडं आणून दिलं, मीठ ओढायचं, करडं पडलेलं. "ही भेंडीच हाय. न्या. तुमच्या काटक्या माझ्या चुलीला ऱ्हाऊ द्या."

गाडीत मात्र पुन्हा शंकांनी पोखरलं. हे भेंडीचंच कशावरून? चुलीसाठी काटक्या घेऊन बाईनं मला टोपी तर घातली नाही? जाताना निदान मूर्ख तरी खात्रीचा होतो, येताना तीही खात्री उरली नाही.

मामांनी फावडं हातात घेतलं. नीट बघितलंही नाही. सरळ जिभेला लावलं. 

"मिठाच्या आगरावरचं आहे," ते म्हणाले. "बाबा असलीच मोडकी फावडी आणायचे. हे मी तुला सांगितलं होतं का रे?"

"नाही, मामा."

दुसऱ्या दिवशी गॅलरीत शेगडीवर पत्र्याचा डबा उपडा घालून जिताडा धुरवला. मला तो खारट आणि थोडा कडवट लागला. त्यात एवढं काय आहे, ते मला तेव्हाही कळलं नाही. मामांनी काट्यापर्यंत चाटून खाल्ला आणि डोळे पुसले, धुराला नावं ठेवत.

फावड्याचा वीतभर तुकडा उरला. तो मामींनी टॉवेलात गुंडाळून ट्रंकेत ठेवला. निघायच्या दिवशी ट्रंक टांग्यात चढवताना काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मामा, तिकडे भेंडी मिळते का हो?"

मामांनी ट्रंकेवर हात ठेवला.

"कुठली?" त्यांनी विचारलं.