शाळेच्या लिंबाखाली सापडलेला सांगाडा

त्या शाळेच्या आवारातली सकाळ मला आजही जशीच्या तशी आठवते. आमच्या जिल्ह्याला तेव्हा सगळे उस्मानाबादच म्हणत. त्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पोलीस निरीक्षक होतो. ठाण्यात हजेरी चालू होती. हवालदारांना बीट वाटून देत होतो, तेवढ्यात शाळेचं बांधकाम घेतलेला ठेकेदार धापा टाकत आत आला.

"साहेब, लवकर चला. जेसीबीच्या बकेटात माणसाची कवटी आली."

गावाचं नाव आणि माणसांची नावं मी सांगणार नाही. त्यातली काही माणसं अजून हयात आहेत, आणि नावांवाचून गोष्टीचं काही अडत नाही.

शाळा निजामाच्या राजवटीतली. म्हातारी माणसं तिला अजून 'फोकानिया' म्हणायची. हायस्कूलला तेव्हा तोच शब्द होता. काळ्या दगडाची इमारत, कमानींचा व्हरांडा, वर सागवानी तुळया. आधी तिथं सगळं उर्दूतून शिकवत. निजामाचं राज्य गेल्यावर मराठी आली. पण खरं सांगायचं तर दहावीच्या परीक्षेचा बंदोबस्त सोडला तर त्या शाळेकडे मी कधी लक्ष देऊन पाहिलं नव्हतं. कॉपी पुरवणारी पोरं कोणत्या भिंतीवरून चढतात, एवढीच माझी तिच्याशी ओळख.

मागच्या बाजूला नव्या खोल्यांचा पाया खोदत होते. मोठ्या लिंबाच्या झाडापाशी मातीचा ढीग आणि ढिगावर कवटी. मी आधी मशीन बंद करायला लावलं, दोरी बांधून लोकांना मागं सारलं, तहसीलदारांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर, दोन पंच घेऊन, उरलेली माती हातानं काढायला सुरुवात केली. ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद करायला सांगितली.

माती निघत गेली तसं एकेक हाड दिसू लागलं. बकेट फक्त वरच्या भागाला लागलं होतं. खालचा सांगाडा जागेवर होता, आणि तो आडवा नव्हता. मांडी घालून बसलेला होता. दोन्ही हातांची हाडं मांडीवर, एकमेकांत. भोवतीच्या मातीत पांढुरक्या राखेचे खडे होते.

मी उमरग्याकडचा. आमच्या भागात लिंगायत समाज मोठा आहे. माणसाला बसवून, भस्म लावून समाधी देतात ते मी लहानपणापासून पाहिलेलं. खून करणारा माणूस घाईत असतो. तो खड्डा उथळ खोदतो, प्रेत कोंबतो आणि पळतो. इथं कुणीतरी सावकाश, मनापासून काम केलं होतं. मग स्मशानभूमी सोडून शाळेत का?

दुसरी गोष्ट मात्र वाईट होती. कवटीचा वरचा भाग करवतीनं कापलेला होता. अगदी सरळ, गोल. ग्रामीण रुग्णालयाचे डॉक्टर नवखे होते. ते म्हणाले, "प्रौढ पुरुष आहे. मृत्यू बराच जुना. डाव्या हाताचं हाड कधीतरी मोडून जुळलेलं आहे. काही हाडांना बारीक छिद्रंही दिसतात. यापुढचं मी लिहून देणार नाही, मोठ्या दवाखान्यात तज्ज्ञांकडे पाठवा." हाडं सीलबंद करून पाठवली. अहवाल यायला वेळ लागणार होता, आणि गावाला तेवढा धीर नव्हता. दुपारपर्यंत बाजारात एकच बोलणं होतं: शाळेत माणसाचं डोकं कापून पुरलंय.

त्या शाळेचा एक कारकून काही वर्षांपूर्वी घरातून गेला तो परत आलाच नव्हता. त्याची मिसिंगची नोंद आमच्याच ठाण्यात होती. त्याची बायको संध्याकाळी आली. रडली नाही, ओरडली नाही. समोर उभी राहून तिनं एवढंच विचारलं, "साहेब, पायात चपला व्हत्या का?"

"चपला नाही सापडल्या, बाई."

"ते नव्या चपला घालून गेलते," ती म्हणाली. मग बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसली. त्यानंतर रोज यायची. पदराच्या गाठीत नवऱ्याचा फोटो असायचा. कुणी विचारलं नाही तरी तो काढून हातात धरून बसायची.

खबर मिळाली ती शाळेसमोरच्या चहावाल्याकडून. पोलिसांना खरी बातमी फार करून चहाच्या टपरीवरच मिळते, कारण तिथला माणूस दिवसभर एकाच दिशेला बघत बसलेला असतो. तो कुजबुजत म्हणाला, "साहेब, माझं नाव येऊ देऊ नका. जुने हेडमास्तर रिटायर व्हायच्या आधी एका रविवारी त्या लिंबाखाली खड्डा खांदत व्हते. तीन-चार मास्तर व्हते संगं. मला वाटलं झाड लावायलेत."

हे हेडमास्तर गावात सगळ्यांना माहीत. मुसलमान गृहस्थ, पासष्टी ओलांडलेली, पांढरी दाढी, स्वच्छ इस्त्रीचा सदरा. अर्धा तालुका त्यांच्या हाताखालून गेलेला. माझा ठाणे अंमलदारसुद्धा. ते ठाण्यात आले तेव्हा तो खुर्ची सोडून उभा राहिला आणि नंतर माझ्याकडे ओशाळून पाहू लागला.

मी त्यांना माझ्या खोलीत बसवलं, चहा मागवला. विचारलं, "सर, लिंबाखाली तुम्ही खड्डा खोदला होता?"

"खोदला होता," ते शांतपणे म्हणाले.

"आणि तो माणूस?"

"मीच ठेवला. बरोबर कोण होतं ते विचारू नका, त्यांनी माझ्या शब्दावर काम केलं. लिहून घ्या, मी सही करतो."

"कोण होता तो?"

"ते सांगता येत नाही, इन्स्पेक्टरसाहेब. मी जबान दिली आहे."

मी हरतऱ्हेनं विचारलं. समजावलं, कायदा सांगितला, आवाजही चढवला. चौकशीत माणूस खोटं बोलतो तेव्हा तो जास्त बोलतो, असा माझा अनुभव. हा माणूस प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देत होता आणि माझ्या डोळ्यांत बघत होता. कारकुनाबद्दल विचारलं तर म्हणाले, "त्याचा यात काही संबंध नाही." पण पुरावा काय? गावात तोपर्यंत बातमी पोचली होती. कारकुनाला हेडमास्तर पूर्वी रागावले होते, एवढ्यावर लोकांनी खून रचला. त्याला धर्माचा रंग द्यायलाही काहींनी सुरुवात केली. ठाण्याच्या फाटकावर जमाव वाढत होता. वरून उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांचा फोन आला: आजच्या आज अटक दाखवा.

मी त्या फोननंतर बाहेर व्हरांड्यात आलो. कारकुनाची बायको नेहमीच्या जागी बसलेली. मला पाहून उठली. "साहेब, ते म्हातारे सर काय म्हंत्यात? माझंच माणूस हाय का ते? हाय म्हणा न्हाय म्हणा, पर एकदा सांगा. कुंकू लावावं का न्हाय, तेबी मला कळंना झालंय."

माझ्या खोलीचं दार उघडं होतं. हेडमास्तरांनी हे ऐकलं. मी आत आलो तेव्हा त्यांचा चेहरा पार बदललेला होता.

"ही बाई रोज येते?" त्यांनी विचारलं.

"रोज."

ते उठून दारापर्यंत गेले आणि बाकड्याकडे पाहून परत आले. मग म्हणाले, "माझ्यावर काय यायचं ते येऊ द्या, असं मी ठरवलं होतं. पण माझ्या गप्प बसण्यानं हिचा जीव टांगणीला लागला असेल, तर ते मला मंजूर नाही. मला एक फोन करू द्या. परवानगी घ्यावी लागेल."

फोन त्यांनी माझ्यासमोरच केला. पलीकडे एक बाई होत्या, हे आवाजावरून कळलं. हेडमास्तर म्हणाले, "बेटा, वेळ आली आहे. सांगू का?" पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. त्यांनी फोन ठेवला, चष्मा काढून पुसला आणि सांगायला लागले.

"ते आमच्या शाळेचे शास्त्राचे मास्तर होते. लिंगायत. माझ्याहून मोठे, मला धाकट्या भावासारखं वागवायचे. तेव्हा शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक रिकामी खोली. शरीर शिकवायला ते खाटकाकडून बकऱ्याची हाडं धुऊन आणायचे. पोरं हसायची. ते म्हणायचे, खेड्यातलं पोर डॉक्टर का होत नाही? त्यानं माणूस आतून कधी पाहिलेलाच नसतो. सांगाडा मागून मागून ते थकले. शाळेची ऐपत नव्हती.

"मग त्यांना मोठं दुखणं आलं. शहरातल्या दवाखान्यात होते. तिथं शरीरशास्त्र शिकवणारा एक डॉक्टर त्यांचाच विद्यार्थी निघाला. मास्तरांनी त्याला जवळ बोलावलं आणि सांगितलं, मी गेल्यावर माझी हाडं साफ करून माझ्या शाळेला दे. तो पोरगा रडायला लागला. बायकोनं ऐकलं, आणि त्या माउलीनं सगळीकडे सह्या दिल्या. नातेवाइकांना सांगितलं, अंत्यविधी शहरातच झाला."

खोलीत माझा रायटर जबाब लिहून घेत होता. त्याचा पेन थांबला. मीही त्याला लिही म्हणालो नाही.

"आणायला मीच गेलो," हेडमास्तर सांगत होते. "लाकडी पेटीत होते ते. एसटीत कंडक्टर म्हणाला, पेटी टपावर टाका. मी म्हणालो, नाही, शेजारच्या सीटवर ठेवणार, मला दोन माणसांची तिकिटं दे. त्याला वाटलं मी येडा आहे. सगळ्या वाटेत मी पेटीवर हात ठेवून होतो.

"काचेच्या कपाटात ते उभे राहिले. किती वर्षं! पोरं त्यांना मामा म्हणायची. त्यांच्याकडे बघून शिकलेली पोरं आज कुठं कुठं दवाखाने घालून बसली आहेत. कुणालाच माहीत नव्हतं. वहिनींनी माझ्याकडून वचन घेतलं होतं, की लेकीनं हो म्हटल्याशिवाय हे उघड करायचं नाही. लोक लेकीला बोलतील, बापाला माती दिली नाही म्हणतील. पुढं प्लॅस्टिकचा सांगाडा आला. जुन्या सामानाचं निर्लेखन करून ते मोडीत काढायचा हुकूम निघाला. मोडक्या बाकांबरोबर तेही भंगारात गेले असते. माझ्या हातून ते होणार नव्हतं. मठात जाऊन विचारलं, तुमच्यात कसं ठेवतात. तारा काढल्या, बसवलं, भस्म लावलं. शाळेबाहेर नेणं बरं वाटलं नाही."

कवटी आतून दाखवण्यासाठी कापल्याची करवतीची खूण, तारा ओवायची बारीक छिद्रं, मांडी घातलेली हाडं, सगळ्याचा उलगडा एका दमात झाला होता. पण मी पोलीस होतो. नुसत्या सांगण्यावर मला थांबता येत नव्हतं. अटकेसाठी एक दिवस थांबा, असं वरिष्ठांना कळवलं आणि मास्तरांच्या मुलीला बोलावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती आली. स्वतः डॉक्टर, साधी सुती साडी, केस पिकायला लागलेले. मी तिला काहीच न सांगता विचारलं, "वडिलांच्या अंगावर ओळखीची काही खूण?"

"डावा हात," ती लगेच म्हणाली. "मी लहान होते. मला सायकलच्या पुढच्या नळीवर बसवून नेत होते. सायकल घसरली तेव्हा मला वाचवायला त्यांनी तो हात खाली टाकला. मोडला. जुळला, पण थोडा वाकडाच."

मी विचारू नये ते विचारलं. "तुम्ही याच शाळेत शिकलात. तुम्हाला ठाऊक होतं?"

"नववीत जायच्या आदल्या दिवशी आईनं सांगितलं. म्हणाली, दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे." मग म्हणाली, "तासाला सर कुणालाही पुढं बोलवायचे. माझी पाळी आली की मी मनगटाची हाडं सांगायचे. ती पुष्कळ असतात ना, सांगायला वेळ लागतो. तेवढा वेळ हात हातात धरता यायचा."

मी ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांचा कागद काढला आणि डाव्या हाताचा शेरा तिच्यासमोर ठेवला.

कारकुनाच्या बायकोला मी आत बोलावून खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. "म्हंजी ते माझं माणूस न्हाय."

"नाही, बाई."

तिनं फोटो परत पदरात बांधला. "बरं झालं," ती म्हणाली, आणि मग, "त्या मास्तरांच्या बायकोनं लई मोठं काळीज केलं." तिचा नवरा माझी बदली होईपर्यंत तरी सापडला नाही. त्या प्रकरणाचं मला अजून वाईट वाटतं.

जमावाला मी फाटकावर जाऊन स्वतः सांगितलं. मुलीची परवानगी होती. पुढच्या रांगेत जी तरणी पोरं सगळ्यात जास्त ओरडत होती, त्यातली बरीचशी त्याच शाळेतली. एकजण म्हणाला, "मामा? काचंच्या कपाटातला?" मी हो म्हणालो. त्यानंतर कुणी घोषणा दिली नाही. ती गर्दी कशी आणि कधी पांगली ते मला कळलंही नाही.

तज्ज्ञांचा अहवाल जबाबाशी जुळला. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशानं हाडं मुलीच्या ताब्यात द्यायची ठरली. मला वाटलं, ती समाधी बांधेल. हेडमास्तरांचीही तीच इच्छा होती. ती म्हणाली, "सर, तुम्ही त्यांना विश्रांती दिलीत, हे तुमचे उपकार. पण त्यांनी विश्रांती मागितली नव्हती." तिनं हाडं स्वच्छ करून, पुन्हा तारेत ओवून शाळेला दिली. शिक्षण खात्यानंही मान्य केलं.

पहिला तास तिनंच घ्यावा असं ठरलं. मला बोलावलं होतं. मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो; हेडमास्तर शेवटच्या बाकावर, पोरांच्या शेजारी. तिनं कपाट उघडलं. नववीचा वर्ग, पोरं-पोरी धक्काबुक्की करत, हसत. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हे खरं माणूस हाय?"

"खरं," ती म्हणाली. "हे या शाळेत शास्त्र शिकवायचे. अजून शिकवतात."

मग ती मुलगी उभी राहिली. तिच्या शेजारची उभी राहिली. बघता बघता अख्खा वर्ग उभा राहिला, सर वर्गात आल्यावर राहतात तसा. कुणी सांगितलं नव्हतं. शेवटच्या बाकावरून हेडमास्तरही हाताचा आधार घेत उठले.

पोलीस खात्यात आम्ही मेलेल्या माणसाकडे पुरावा म्हणून बघायला शिकतो, आणि गप्प बसणाऱ्या जिवंत माणसाकडे गुन्हेगार म्हणून. दोन्ही सवयींनी मला अनेकदा तपास लावून दिला. पण त्या प्रकरणानंतर कुणी गप्प बसला की मी स्वतःला आधी विचारायचो, हा कुणाला वाचवतोय? आणि नोकरीत कुठल्याही गावी बदली झाली तरी तिथल्या जुन्या शाळेत एकदा जाऊन यायचो. बंदोबस्तासाठी नाही. नुसता एखाद्या वर्गाच्या दारात थोडा वेळ उभा राहायचो. आत कुणीतरी शिकवत असायचं.