परबकाकांचं नाक

परबकाका बिअरचा ग्लास उचलण्याआधी स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला नाक खुपसायचे. नोकरीच्या पहिल्या दिवशी मला वाटलं, माणूस शिंकतोय. "आधी आपलो वास घेवचो गो," ते त्यांच्या मालवणीत म्हणाले. "मगे नाक साफ होता."

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आमचा बिअरचा छोटा कारखाना. मी तिथल्या लॅबमध्ये. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, बीएस्सी मायक्रोबायोलॉजी, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. काका नववी नापास. बाटल्या धुता धुता कुठली बाटली बिघडलीय ते वासावरून सांगायला लागले, तेव्हा मालकांनी त्यांना चव घ्यायला बसवलं. ते प्यायचे मात्र नाहीत. घोट तोंडात फिरवायचा आणि स्टीलच्या डब्यात थुंकायचा. त्यांनी "चालात" म्हणजे चालेल, असं म्हटल्याशिवाय एकही बाटली भरली जायची नाही.

चवीच्या दिवशी अत्तर, वासाचं तेल, फुलं, सगळं बंद. देवाच्या फोटोपुढे अगरबत्तीसुद्धा नाही. एकदा आवळ्याचं तेल चोपडून आलेल्या मॅनेजरला त्यांनी दारातच अडवलं होतं. "साहेब, आधी केस धुवन येवा."

मी पुस्तकातले शब्द वापरले की वैतागायचे. "एस्टर? ता खंयच्या झाडार लागता? तुझ्या घरात कसलो वास येता, ता सांग." मग मी ओलं गोणपाट, शिळी भाकरी असं सांगायला शिकले. नाशिकला वाइनचा कारखाना बघायला गेलो, तिथला वाइन करणारा परदेशी फळांची नावं घेत होता. काकांनी ग्लास नाकाशी धरला. "करवंदा. देठासकट." त्या माणसाने स्वतःचाच ग्लास पुन्हा हुंगला.

गेल्या वर्षी जपानहून साके करणारे एक गृहस्थ आले. साके म्हणजे तांदळाची दारू. ती मरोळला करायची का, हे मालक काकांच्या नाकावर ठरवणार होते. त्या सकाळी कांजूरमार्गला माझ्या चुलतबहिणीचा साखरपुडा होता. तिथून मी तशीच धावत आले, केसांत मोगऱ्याचा गजरा. आठवलं तेव्हा काकांच्या समोर उभी होते, हातभर अंतरावर.

"इलंस? बस," ते म्हणाले. बाकी काही नाही.

मी बाहेर जाऊन गजरा काढला, केस धुऊन आले.

"केस ओले कशे गो?"

"गजरा होता, काका. मोगऱ्याचा."

ते स्टुलावर बसले. "तापात गेला नाक," ते म्हणाले. "तीन म्हयने तू हुंगतंस तेवा तुझ्या तोंडाकडे बघून चालात म्हणतंय."

तेवढ्यात मालक पाहुण्यांना आणि त्यांच्या दुभाष्याला घेऊन आत आले. साके ओतली गेली. "बोला काका."

काकांनी सवयीने कोपराशी नाक नेलं, ग्लास उचलला आणि माझ्यापुढे ठेवला. "मालक, माझा नाक गेला. आता हिका विचारा."

मालक काकांकडे बघतच राहिले. मी कोपरात नाक खुपसलं, मग ग्लास घेतला.

"आंबेमोहोराची गरम पेज. सोलताना येतो तो केळ्याचा वास." मी थांबले. पाहुण्यांसमोर पुढचं बोलावं की नाही, कळेना. "आणि मागे जळका गूळ."

दुभाष्याने सांगितलं. पाहुण्यांनी स्वतः हुंगून मान हलवली. बाटल्या वाटेत उन्हात पडून होत्या, त्यांना ती शंका होतीच.

काका डोळे मिटून बसले होते. "गूळ तळाक लागलेलो, की कढईच्या काठाक?"

"काठाला."

"मगे ती वाटेत नुसती तापली, दारू चांगली आसा. ती हयच करूक होयी."

पुढच्या महिन्यात त्यांनी नोकरी सोडली. आता घाटकोपरला मुलाकडे असतात. मरोळला साके बनते, आणि प्रत्येक खेपेला मंजुरीची सही करण्याआधी मी त्यांना फोन लावते. मी वास सांगते, ते उलटसुलट विचारत राहतात. शेवटी मी विचारते, "मग काका, चालात?"

"माका काय विचारतंस? ग्लास तुझ्या हातात आसा गो."