गुरुजींच्या हातचा श्री

बाबा गेले ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. त्या वर्षी मी शिकवत होते ती शाळा कट्टा नावाच्या गावापुढे, आतल्या गावात होती आणि कट्ट्याला एसटी बदलावी लागे. थांब्यासमोर चहा-उसळीचं एक हॉटेल होतं. बाहेरच्या काळ्या फळ्यावर रोज सकाळी वर श्री आणि खाली त्या दिवशीचे पदार्थ खडूने लिहिलेले असत. त्या श्रीची वेलांटी वाऱ्याने फुगलेल्या शिडासारखी होती. अक्षर हुबेहूब बाबांचं. लिहिणारी मात्र त्यांची कुणी नव्हती.

तारकर्लीला बाबा प्राथमिक शिक्षक होते आणि पहिलीला मी त्यांच्याच वर्गात होते. शाळेत त्यांना गुरुजी म्हणायचं, बसायचं शेवटच्या ओळीत. श्री शिकवताना ते मुलाच्या मागे उकिडवे बसत, त्याची मूठ आपल्या मुठीत घेऊन पाटीवर फिरवत, कानाशी काहीतरी पुटपुटत. सगळ्यांचे हात धरले त्यांनी. माझा नाही. "मास्तरांच्या चेडवाक पयलो नंबर, मगे दुसऱ्याक खंय गावतलो?" आपल्याच मुलीला झुकतं माप दिलं, असं गावात कुणी म्हणू नये म्हणून. आजोबाही शिक्षक. त्यांनी बाबांना असंच वाढवलं होतं.

घरीही बाबा शिकवत नसत. शाळेतलं शाळेत. मला लिहायला आईने शिकवलं, चुलीपुढे, कोळशाने. तिचं अक्षर गोल आणि भित्रं होतं. तेच माझं झालं.

पहिल्या ओळीत किनाऱ्यावर मासेमारीचं जाळं ओढणाऱ्या एका रापणकराची मुलगी बसायची. तिला श्री जमता जमत नसे, आणि बाबा तिच्यामागून उठत नसत. एकदा मी मुद्दाम श्री उलटा काढला. बाबांनी पाटी पाहिली, पुसली आणि म्हणाले, "घरी जाऊन गिरव."

पुढे मीही शिक्षिका झाले. दुसरं काही होता येतं, हे आमच्या घरात कुणाला सुचलंच नाही. हात धरायची रीत मी शेवटच्या ओळीतून नुसती पाहून शिकले होते. माझ्या वर्गातली मुलं आईच्या गोल अक्षरात लिहू लागली. बाबा गेले त्या वर्षी माझी मुलगी माझ्याच वर्गात पहिलीला आली. मी तिला शेवटच्या ओळीत बसवलं. कुणी सांगितलं नव्हतं.

एका सकाळी एसटी उशिरा होती, म्हणून आम्ही दोघी त्या हॉटेलात टेकलो. हॉटेलवालीने मला ओळखलं. तीच ती, रापणकराची मुलगी.

"गुरुजी गेल्याचा कळला. दिसभर हाटेल बंद ठेवलंय गो," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. माझे अजून भरले नव्हते. तिचं ते पाणीसुद्धा मला सोसवेना.

मग तिची नजर मुलीच्या पाटीवर गेली. "गुरुजींच्या नातीचा अक्षर असा? कोण शिकवता तिका?"

"मीच."

"आणि तुका त्यांनी नाय शिकवल्यानी? मगे घराक काय करीत ते? निसतो पेपर वाचीत?" ती हसली.

एसटी येऊन उभी राहिली. पाटी दप्तरात घालून निघायचं, एवढंच करायचं होतं. पण उद्या ही मुलगीही गोल, भित्रं लिहीत राहील आणि बाबांचा श्री फक्त या भज्यांच्या फळ्यावर उरेल, असं मनात आलं. मी पाटी पुढे केली. "एकदा हात धर हिचा."

तिने हात पदराला पुसले आणि मुलीच्या मागे उकिडवी बसली. बाबा बसत तशीच. मुलीच्या कानाशी वाकून ती हळूच म्हणाली, "आदी पोट, मगे शीड. घाय करू नको, वारो येवंदे."

म्हणजे बाबा हे पुटपुटत होते. शेवटच्या ओळीपर्यंत ते कधी पोचलंच नव्हतं.

गाडीत मुलगी खिडकीच्या धुळीवर बोटाने श्री काढत बसली. एक, मग दुसरा. वेलांटी फुगत होती. मला तिचाही हेवा वाटला. मांडीवर ठेवलेलं माझं बोट तिच्या बोटामागून हलत होतं.