वाल्देमारच्या ओळी

आमची ओलिंपिया बेरुत्ती स्वप्नाळू, हे अख्ख्या पायसांदू गावाला ठाऊक. नदीला पूर कधी चढणार ते सांगणारं सॉफ्टवेअर आम्ही चौघं सांभाळतो. दुपारी ही बाई आमच्यातल्याच वाल्देमारने लिहिलेला कोड उघडायची आणि नुसती बघत बसायची. तो जाऊन वर्ष झालं. बरोबरची (=) सगळी चिन्हं एकाखाली एक आणायची त्याची खोड; ओळी काठावरच्या झाडांसारख्या उभ्या. ओळीला शेवटचा हात कोणाचा लागला ते शेजारी दिसतं, तिथे त्याचं नाव.

आमच्यात येर्बाचं, म्हणजे कडवट पाल्याच्या चहाचं, एकच भांडं हातोहात फिरतं. परत देताना ‘आभार’ म्हटलं की अर्थ एकच, मला आता पुरे. तोवर पाळी येतच राहते. वाल्देमार ‘आभार’ म्हणून गेला नव्हता. त्यामुळे ओलिंपिया त्याच्या पाळीचं भरायची आणि स्वतःच प्यायची. आम्ही काणाडोळा करायचो.

बाकी कारभार म्हणजे आनंदीआनंद. फाईल उघडली की कोड लिहायचा माझा एडिटर ओळींतल्या मोकळ्या जागा बदलायचा, आमच्यातल्या फाबिओलाचा त्या परत फिरवायचा. अशा सातशे फुकटच्या बदलांत पाणीपातळीचा एक चुकलेला आकडा कोणालाच दिसला नाही. तेव्हा कंपनीच्या मालकीणबाई कडाडल्या: सगळ्यांना एकच नियम, मांडणी मशीनच करील, आणि नियम ओलिंपियाने ठरवायचे.

चार दिवस तिने त्या कामाला हात लावला नाही. मी सुचवलं, वाल्देमारचा भाग वगळ, कोण विचारतंय?

“वगळला तर नियम कसला?” ती म्हणाली, आणि बटण दाबलं.

त्याच्या उभ्या रांगा क्षणात मोडल्या. प्रत्येक ओळीशेजारी आता ओलिंपियाचं नाव. वाल्देमार कुठेच नाही. माझं डोकंच फिरलं.

“अगं बये, पुसलंस की त्याला!”

मग तिने एक छोटी फाईल केली: नावं दाखवताना कोणते बदल धरायचे नाहीत, त्यांची यादी. त्यात आपला मघाचा एकच बदल लिहिला. कोड पुन्हा उघडला, आणि वाल्देमार ओळीओळीने परत आला. रांगा गेल्या त्या गेल्याच.

संध्याकाळी येर्बा फिरली. वाल्देमारची पाळी आली. ओलिंपियाने भरलं, तळापर्यंत प्यायली, भांडं दोन्ही हातांत धरून बसली.

“आभार,” ती हळूच म्हणाली.

पुढचं भांडं तिने सरळ मला दिलं.