शेकलेला हात

बुधवार, ६ डिसेंबर १९४४. सकाळी सहाला मी दवाखान्याच्या मागच्या पडवीत शेगडी पेटवली आणि मोठ्या पातेल्यात मिठाचं पाणी तापत ठेवलं. एका बाईचा उजवा हात शेकायचा होता. नऊ वाजता तोच हात पाच डॉक्टरांपुढं ठेवायचा होता.

निजामाच्या राज्यात तेव्हा कामगारांच्या भरपाईचा कायदा नवा होता. कारखान्यात काम करताना माणूस जखमी झाला तर मालकानं त्याला भरपाई द्यायची. किती द्यायची ते दुखापतीवर, आणि दुखापत केवढी ते डॉक्टरच्या सहीवर. अडचण अशी की आमच्या भागातल्या डॉक्टरांनी हे काम कधी केलं नव्हतं. ताप उतरवणं, हाड बसवणं, अडलेल्या बाईला सोडवणं त्यांना येत होतं. माणसाचे शंभर भाग धरले तर त्यातले किती गेले, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून हैदराबादहून एक मोठे डॉक्टर तीन दिवसांसाठी शिकवायला आले. तालुक्यांतून चार डॉक्टर शिकायला आले. शिकायला जखमी हातपाय लागतात, म्हणून चार कामगार बोलावले. त्यांची जी मोजणी शिकवताना होईल तीच खरी धरायची आणि तिथंच सही करायची, असं ठरलं. मी त्या दवाखान्यात नर्स होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. एका कामात दोन कामं होतात, एवढंच वाटलं.

बाई तेर गावाकडची होती, तिशीतली, नवरा नसलेली. जिनिंगच्या कारखान्यात यंत्रापुढं कापूस सरकवायचं काम करायची. कापसाबरोबर हात आत ओढला गेला. करंगळी आणि शेजारचं बोट जागीच गेलं. उरलेली दोन बोटं आणि अंगठा जाग्यावर होते, पण आखडलेले. मोटार रोज मिळत नसे, म्हणून ती दोन दिवस आधीच येऊन दवाखान्यात राहिली. आली तेव्हा त्या हातात तिला पाण्याचा पेला धरता येत नव्हता.

तिनं पुढचं सगळं ठरवून ठेवलं होतं. "शेळ्या राखायला एक हात पुरतो, बाई," ती म्हणाली. "चार शेळ्या झाल्या की म्या कुणाच्या दारात जात न्हाय." चार शेळ्या म्हणजे तिच्या हिशोबानं शंभरातले निदान चाळीस. हा आकडा तिला कुणी सांगितला होता कोण जाणे, पण तो फार चुकीचा नव्हता.

मी दोन दिवस तिचा हात सकाळ-संध्याकाळ शेकला. नंतर कोमट तिळाचं तेल लावून एकेक बोट वाकवलं. आखडलेल्या हाताला हेच करतात, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. बुधवारी सकाळी जरा जास्तच केलं. पाणी सोसेल तितकं कडक घेतलं, तेल दोनदा जिरवलं. तिचे केस विंचरले, धुतलेलं लुगडं दिलं, चिरलेल्या टाचा दगडानं घासायला लावल्या. हैदराबादच्या डॉक्टरांपुढं आमच्या दवाखान्यातला पेशंट मळका आणि वाकडातिकडा जावा हे मला कमीपणाचं वाटत होतं. आमच्याकडं पाहायला माणसं यायची असली की घरच्या बायका मुलीला जशी तयार करतात तशी मी तिला तयार केली. मलाही एकदा असंच तयार केलं होतं. डाव्या गालावरचा भाजल्याचा डाग दिसू नये म्हणून मला खिडकीकडं उजवा गाल करून बसवलं होतं. जे उणं आहे ते झाकायचं आणि जे बरं आहे ते पुढं करायचं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

तिच्याही ते ध्यानात आलं. "पसंत पडंल का वो म्या?" तिनं विचारलं. आम्ही दोघी हसलो.

नऊला तिला आत नेलं. मोठे डॉक्टर टेबलामागं बसले होते, चौघं दोन्ही बाजूंना. कारखान्याचा मुनशी भिंतीशी उभा होता. मोठे डॉक्टर उर्दूत शिकवत होते आणि चांगलं शिकवत होते, हे मी नाकारणार नाही. जखम किती भयंकर दिसते ते पाहू नका, ते म्हणाले. हात आता काय करू शकतो ते पाहा. मग त्यांनी दोन पट्ट्यांचं पितळी कोनमापक तिच्या बोटाच्या सांध्यावर ठेवलं आणि बोट कुठवर वाकतं ते चौघांना एकेक करून वाचायला लावलं. बोट वाकत होतं. दोन दिवसांपूर्वी जे तसूभर हलत नव्हतं ते तेलातल्या बिजागरीसारखं वाकत होतं. मला बरं वाटलं.

नंतर पकड मोजायची होती. रक्तदाब मोजायची पट्टी गुंडाळून तिच्या मुठीत दिली. ती दाबली की नळीतला पारा चढतो. जितका जोर तितका पारा वर. परक्या पुरुषांपुढं मूठ आवळून जोर दाखवायला ती लाजत होती. मी तिच्या मागं उभी होते. मी वाकून म्हटलं, "लाजू नको. लाव जोर."

तिनं लावला. पारा चांगला चढला. चौघांतला एक, नळदुर्गचा, म्हणाला की या बाईशी पंजा लढवण्यात अर्थ नाही. सगळे हसले. तीही हसली आणि हसता हसता तिनं आणखी जोर लावला.

मोठ्या डॉक्टरांनी भिंतीवरच्या तक्त्यावरून दोन गेलेल्या बोटांचे भाग धरले. उरलेल्या हाताबद्दल थोडेच मिळवले, कारण उरलेला हात चालत होता. सगळे मिळून पंधरा. सही झाली. मुनशीनं आपली प्रत घेतली आणि इतका वेळ उभा होता तो खुर्ची ओढून बसला. खोलीतून बाहेर पडताना मोठे डॉक्टर मला म्हणाले की पेशंटची देखभाल उत्तम आहे. ते ऐकून मी दुपारभर खूश होते.

चारला ती परत जायला निघाली. उन्हं कलली होती आणि वारं सुटलं होतं. गाठोडं बांधताना पदराची गाठ तिला मारता येईना. मी पाहिलं तर हात पुन्हा आला त्या दिवशीसारखा झाला होता, कोंबडीच्या मेलेल्या पायासारखा.

"सकाळी तर मिटत हुता," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुमच्या पान्यानं मिटत हुता."

गाठ मी मारून दिली. तिला पायरीवर थांबायला सांगितलं आणि तशीच मोठ्या डॉक्टरांकडं गेले. ते एकटेच होते. मी घडलं ते सरळ सांगितलं, हात किती वेळ शेकला, तेल किती जिरवलं तेही. आता हात पाहा, तो पायरीवर आहे, असंही म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. कुणी करायला सांगितलं होतं, असं विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही.

"बाई, मी आज आकडा बदलला तर हे चौघं काय शिकतील?" ते म्हणाले. "दुपारी कुणीतरी येऊन रडलं की आकडा वाढतो, हे."

"कुणी रडत नाही, साहेब. हात आखडलाय."

"कागद गेला," ते म्हणाले.

मग त्यांनी वही ओढली आणि माझ्यासमोर लिहिलं की सांधा शेकल्यावर किंवा मालीश केल्यावर मोजू नये. उद्या हे चौघांना पहिल्यांदा सांगतो, म्हणाले, आणि त्यांनी माझे आभार मानले. तिच्यामुळं पुढं किती हात नीट मोजले गेले असतील देव जाणे. तिचे पंधराच राहिले.

पायरीवर येऊन मी तिला म्हटलं, मोटार गाठ, उशीर होईल.

दीड-दोन वर्षांनी मी कामासाठी तेरला गेले होते तेव्हा ती नदीकडच्या वाटेला भेटली. दोरीला एक शेळी होती, दोरी डाव्या मनगटाला बांधलेली. एका शेळीवर भागत नव्हतं म्हणून शेंगा फोडायला लोकांच्या घरी जात होती. मला पाहून ती पाया पडायला वाकली. मी तिला अडवलं. तीच म्हणाली, "माजंच चुकलं, बाई. समदे हसले तवा मला चेव आला. नको तेवढा जोर लावला."

तिचं चुकलं नव्हतं, हे मी तिला सांगितलं नाही. सांगून शेळी वाढणार नव्हती, असं मी तेव्हा मनाला समजावलं. खरं कारण एवढंच की सांगायला तोंड नव्हतं.

पण ते पुढचं. गुरुवारी सकाळी तेलाच्या गिरणीतला एक माणूस मोजायचा होता. यंत्राच्या पट्ट्यात सापडून त्याचा कोपर मोडला होता आणि वाकडाच बसला होता. बुधवारी मी बाईचा हात शेकताना त्यानं पाहिलं होतं, म्हणून सहालाच बाही वर करून तो पडवीत आला. "माजंबी जरा शेका की," म्हणाला.

मी शेगडी पेटवली नाही. त्याला पडवीतून उठवलं, उत्तरेच्या ओट्यावर नेलं. तिथं थंडीत ऊन येतच नाही. घोंगडी काढून घेतली आणि कोपर उघडा ठेवून बसायला सांगितलं.

"त्या बाईला शेकलं, मला का न्हाय?" तो कुरकुरला.

"मोजून झाल्यावर शेकते," मी म्हटलं, आणि नऊ वाजेपर्यंत दारात उभी राहिले, तो उन्हात सरकू नये म्हणून.