दहापैकी सहा

एका रविवारी सकाळी, दुखणं दहापैकी किती या प्रश्नाला अप्पांनी सात असं उत्तर दिलं. त्याआधी सतरा दिवस ते सहा सांगत होते.

कर्करोग हाडांत पोचला होता. उपचार थांबवून डॉक्टरांनी त्यांना उणकलला, आमच्या घरी पाठवलं होतं. इस्पितळाची नर्स आठवड्यातून दोनदा यायची. तिनं एक तक्ता दिला होता. शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. रोज सकाळी अप्पांना विचारून आकडा मी भरायचा. सात किंवा जास्त झाला तर फोन करायचा. मग मॉर्फिन सुरू होणार होतं. सहापर्यंत चालू आहेत त्याच गोळ्या. आपली शुश्रूषा किती चांगली, हे इस्पितळ अशा तक्त्यांवरून मोजत होतं.

अप्पा इथल्याच लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत मराठी शिकवायचे. निबंधाला दहापैकी गुण देताना त्यांचा नियम ठरलेला होता : "दहा सरस्वतीचे, नऊ माझ्या गुरुजींचे, आठ माझे. तुम्ही सातापासून खाली." प्रत्यक्षात सातही कुणाला मिळत नसत. हुशार मुलं सहावर थांबत. मला एकदाच सात मिळाले. आईनं त्या दिवशी शिरा केला, आणि अप्पा वाटी पुढं ओढत म्हणाले, "खाऊन घे. परत मिळायचे नाहीत."

त्यांच्या वर्गात मी तीन वर्षं बसले होते. त्यांचा सहा म्हणजे काय, हे मला माहीत होतं.

नर्स विचारायची, "मास्तर, आजपण सहाच?"

"सहा म्हणजे फर्स्ट क्लास, पोरी. अजून किती मागतीस?"

ती हसायची. मीही हसायचे. हसताना मला पलंगाची कड धरलेली त्यांची बोटं दिसत. पेपर उघडायचा त्यांनी बंद केला होता. कूस बदलायची झाली की आधी ते मला खोलीबाहेर जायला सांगत. मी बाहेर जायचे आणि आत येऊन सहा लिहायचे. अप्पांनी दिलेले गुण वाढवून मागायची आमच्या घरात रीत नव्हती. शिवाय मॉर्फिन म्हणजे शेवट, असं मी कुठंतरी वाचलं होतं. सहा लिहिला की मला बरं वाटायचं. बरं मला वाटायचं, त्यांना नव्हे.

त्या रविवारी मी कोपऱ्यावरच्या बूथवरून फोन केला. पलीकडून कुणीतरी नर्सनं लिहून नेलेले आकडे काढून पाहिले.

"अक्का, एकच तर वाढलाय. उद्या सिस्टर येतील की."

"त्यांचे सात म्हणजे तुमचे दहा हो."

"मग दहाच सांगायला काय झालं त्यांना?"

माझ्याजवळ उत्तर होतं. ते सतरा दिवसांपूर्वी द्यायचं होतं.

सोमवारी सकाळी अप्पांना आकडा सांगता आला नाही. दुपारी औषध आलं. तोवर अप्पांना गिळता येत नव्हतं. मंगळवारी ते गेले.

महिन्याभरानं नर्स एक फॉर्म घेऊन आली. घरच्यांनी शुश्रूषेला गुण द्यायचे होते. चहा घेता घेता ती म्हणाली, "तुमचा तक्ता आमच्याकडं चांगल्यांत धरलाय, अक्का. एक दिवस सोडला तर मास्तरांचं दुखणं सहाच्या वर गेलंच नाही." ती खोटं बोलत नव्हती. कागदावर तसंच होतं, आणि अक्षर माझं होतं.

"वेदनेवर नियंत्रण : दहापैकी" या ओळीपुढं मी काही लिहिलं नाही.

"काहीतरी लिहा की," ती म्हणाली. "कोरा असला तर धरत नाहीत."

मी फॉर्म तसाच परत दिला. तक्ता इस्पितळात राहिला. मी आकडे उतरवून ठेवलेली वही माझ्याकडे आहे. तिच्यात सतरा सहा आहेत आणि एक सात.