दसऱ्याला स्प्रे गन उचलली नाही

"संध्याकाळपर्यंत हे गेलं नाही, तर उद्यापासून तोंड दाखवू नकोस," राऊतसाहेब गणपतला म्हणाले. गणपत म्हणजे त्यांचा ड्रायव्हर, आमच्या मालवणकडचा. आणि 'हे' म्हणजे त्यांच्या गडद निळ्या फियाटच्या बॉनेटवर पडलेला ताटाएवढा पांढुरका डाग. जवळून बघितलं तर नुसते बारीक ओरखडे, एकावर एक.

ते बॉनेट महिन्यापूर्वी मीच रंगवलं होतं.

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. दसऱ्याचा दिवस. सकाळी साहेबांच्या घरी गाडीची पूजा झाली. बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, वर अक्षता टाकल्या. कुंकू ओघळलं आणि उन्हात वाळून घट्ट बसलं. संध्याकाळी साहेबांना मुलुंडला मुलीच्या नव्या सासरी सोनं द्यायला जायचं होतं, म्हणून गणपत गाडी चकाचक करायला बसला. फडक्याने निघेना. मग त्याने पूजेच्या नारळाची शेंडी घेतली आणि घसाघसा घासलं. खाली अक्षतांचे दाणे होतेच. डाग पडला तशी साहेबांनी गाडी आणि गणपत दोघांना आमच्या गॅरेजात आणलं.

"शेंडी? रंगावर?" मी विचारलं.

"माका काय म्हायत! घराक बायल ह्येनाच भांडी घासता," गणपत म्हणाला. हसू की रडू, अशी त्याची अवस्था. दोन पोरं शाळेत, आणि राहायची खोलीसुद्धा साहेबांच्याच कंपाउंडमध्ये. नोकरी गेली की खोलीही गेली.

आमचे गॅरेजवाले परबशेठ लगेच म्हणाले, "दत्तू, स्प्रे गन घे. एक हात मारून टाक."

मी म्हटलं, "नाही."

जोगेश्वरीला आमच्या गॅरेजात दसऱ्याला सगळी हत्यारं पूजेला लावतात. गन, कॉम्प्रेसर, हातोड्या, पॉलिशचं मशीन, अगदी कंपाउंडचा डबासुद्धा. कंपाउंड म्हणजे रंग घासून चमकवायची पेस्ट. सगळ्याला हळद-कुंकू, झेंडू. दुसऱ्या दिवशी सकाळी नमस्कार करूनच उचलायचं. वर्षभर आपण त्यांना राबवतो. एक दिवस त्यांचा.

"अरे, देव काय बघायला येतो?" परबशेठ म्हणाले.

"देवाचं माहीत नाही. मी बघतोय ना."

"मग थोडं खोबरेल फिरव. डाग दिसणार नाही. मुलुंडला जाऊन येईपर्यंत टिकेल."

हे खरं होतं. तेल ओरखड्यात बसतं आणि पांढरेपणा लपतो. गाडी धुतली की पुन्हा वर येतो. म्हणजे गणपतची नोकरी आज वाचणार आणि परवा जाणार. आणि मी रंगवलेल्या गाडीला तेल? डोक्याला लावतात तसं? मी तेही नाही म्हटलं.

राऊतसाहेब भडकले. "गन नको, तेल नको. मग तू करणार काय? आरती?"

"तुम्ही खुर्चीवर बसा," मी म्हटलं. "हत्यारं पूजेला आहेत. माझे हात नाहीत."

गाडी सावलीत घेतली. बॉनेट गार झाल्यावर बादल्या ओतून अक्षतांचा कण न् कण काढला. मग ओरखड्यांवरून नख फिरवलं. नख अडलं तर रंग खोलवर फाटला असं समजायचं. नाही अडलं तर वरची चमकच गेली, ती घासून परत आणता येते. सगळीकडे नख सरळ घसरलं. फक्त कडेला एका बोटभर रेघेत अडलं.

गणपतला पानवाल्याकडे पिटाळलं. त्याने पांढऱ्या दंतमंजनाची डबी आणली.

"दात घासूचे हत?" त्याने विचारलं.

"तुझेच घासतो. थांब."

जुनं मऊ बनियन भिजवलं, त्यावर मंजन घेतलं आणि हलक्या हाताने एकाच दिशेने घासत गेलो. मंजन म्हणजे बारीक खडूच. कंपाउंड झटकन काम करतं, हे हळू करतं, एवढाच फरक. पाणी वाळू द्यायचं नाही. शेवटी कपडा टाकला आणि नुसत्या तळहाताने घासलं. तळहात लाल झाले, खांदे भरून आले. परबशेठ मधे मधे येऊन गनकडे बोट दाखवत होते. मी मान वर केली नाही.

ऊन उतरलं तेव्हा बॉनेटमध्ये गॅरेजचं छप्पर दिसायला लागलं. कडेची रेघ मात्र तशीच होती. परबशेठनी पटकन तिच्यावर झेंडूची माळ टाकली. मी ती उचलून बाजूला ठेवली.

"साहेब, ही रेघ राहिलीय. हिला रंग लागेल. उद्या गाडी पाठवा."

राऊतसाहेब वाकले. रेघ बघितली, मग बॉनेटमध्ये स्वतःचं तोंड बघितलं. मिशीवरून हात फिरवला.

"आणि मी म्हटलं आत्ताच पाहिजे तर?"

"तर दुसरा रंगारी बघा. आज मिळणार नाही."

त्यांनी घड्याळ बघितलं. मग वळले. "गणपत, गाडी काढ. उशीर झाला. उद्या सकाळी हिला इथे घेऊन ये."

उद्या सकाळी! गणपत इतक्या घाईने आत बसला की धोतराचं टोक दारात अडकलं.

तेव्हापासून मी रंगवलेली गाडी नेताना प्रत्येकाला सांगत आलो, कुंकू नंबरप्लेटला लावा, माझ्या रंगाला नाही. काही लोक रागावले, काहींनी मला नास्तिक म्हटलं. म्हणू देत. ज्यांनी ऐकलं, त्यांची बॉनेटं अजून चकचकीत आहेत.